परतीची वाट : दिवेआगरच्या किनाऱ्यावर वीज, आवाज आणि अर्थिंग

दिवेआगरचे नाव इतिहासात येते ते तांब्यामुळे. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा येथील ताम्रपट मराठीच्या आरंभकाळातल्या महत्त्वाच्या लेखांपैकी एक मानला जातो. पुढे १९९७ साली एका वाडीत जमिनीखाली तांब्याची पेटी सापडली आणि तिच्यातला गणपतीचा सोन्याचा मुखवटा साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. २०१२ मध्ये तो चोरीला गेला, ती हकिगत वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली आहे. मला मात्र या गोष्टींतल्या सोन्याइतकेच तांब्याचे कौतुक वाटते. खाऱ्या हवेच्या या गावात तांब्यावर कोरलेली अक्षरे नऊ शतकांनंतरही वाचता आली. त्याच गावातल्या ओलसर वाळूत पुरलेला लोखंडी पाइप काही वर्षांत गंजून जातो. या लेखाचा विषय तो पाइप, त्याला जोडलेली तार आणि त्या तारेच्या भरवशावर घराघरांत साठवले जाणारे आवाज हा आहे.

माजघरातला स्टुडिओ

गेल्या पंधरा-वीस वर्षांत श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात घरगुती ध्वनिमुद्रणाची खोली ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. माजघराच्या कोपऱ्यात एक संगणक, त्याला जोडलेला ऑडिओ इंटरफेस, एखादा कंडेन्सर माइक, भिंतींवर टांगलेल्या गोधड्या. एवढ्या सामग्रीवर कोळीगीते, जाखडीची नवी गाणी, भजनी मंडळांचे अभंग आणि गणपतीच्या आरत्या मुद्रित होतात. पूर्वी ज्या कामासाठी मुंबई गाठावी लागे ते आता घरी होते. मी स्वतः गाणारा नाही. हळदीची आणि घाण्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या हे सारे म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून साठवून ठेवणे हा माझा नाद आहे.

हे काम मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांचा दाखला आपल्यापुढे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. तो ठेवा संस्थांनी जपला. गावातल्या माजघरातले मुद्रण मात्र एका संगणकाच्या एका डिस्कवर असते, आणि त्या संगणकाचे आयुष्य भिंतीतल्या तीन भोकांच्या प्लगवर अवलंबून असते. म्हणून त्या भोकांमागे काय आहे हे तपासणे मला ओव्या गोळा करण्याइतकेच महत्त्वाचे वाटू लागले.

आवाज जपण्याच्या कामात विजेची भीती नेहमीच होती असे नाही. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा विजेचा संबंधच नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचे, आवाजाच्या धक्क्याने पडदा आणि सुई हलायची, मेणावर रेघ उमटायची. मायक्रोफोन लावून विजेवर मुद्रण होऊ लागले ते १९२५ च्या सुमारास. पुढे खेड्यांत आलेले ग्रामोफोन चावीवर फिरत. बॅटरीवर चालणाऱ्या वाल्व्हच्या रेडिओला एरियल आणि अर्थ अशा दोन तारा लागत, आणि ढग गडगडू लागले की एरियल रेडिओपासून सोडवून अर्थला जोडावी असा दंडक असे. नंतरचे कॅसेट रेकॉर्डर सेलवर चालत. म्हणजे आवाज साठवणारे यंत्र घरच्या वायरिंगला कायमचे बांधले गेले ते मुख्यतः संगणक आल्यावर. तोपर्यंत आपल्या घरांतले वायरिंग बहुतेक करून झालेले होते, आणि ते झाले होते बल्ब आणि पंख्यासाठी.

वीज इथली, उजेड मुंबईचा

रायगड जिल्हा, म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा, हा वीजनिर्मितीत देशातल्या जुन्या जिल्ह्यांपैकी आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि ताम्हिणी घाटाच्या पायथ्याचे भिरा केंद्र १९२७ मध्ये. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे खोरे पाण्याखाली गेले. सेनापती बापटांच्या मुळशी सत्याग्रहाचा इतिहास सर्वपरिचित आहे. ही वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे आणि आगगाड्यांकडे गेली. मनोऱ्यांच्या सावलीतली खेडी रॉकेलवरच राहिली. दिवेआगरच्या शेजारचा श्रीवर्धन-म्हसळ्याचा मुलूख तर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ जून १९६० मध्ये स्थापन झाले, ग्रामीण विद्युतीकरण निगम १९६९ मध्ये. कोकणातल्या खेड्यापाड्यांत खांब पोचले ते बहुतांशी त्यानंतर. त्या काळात प्रश्न एकच होता : दिवा लागला की नाही? दोन तारा घरात आल्या की दिवा लागतो. लाकडी पट्ट्यांवरून नेलेली दोन तारांची जोडी आणि दोन पिनांचा प्लग, एवढ्यावर घर उजळले. जुन्या घरांच्या माळ्यावर त्या सागवानी पट्ट्या अजून दिसतात. तिसऱ्या तारेची उणीव कोणाला भासली नाही, कारण बल्बला तिची गरज नसते.

चौथी तार आणि परतीची वाट

गावातल्या रोहित्रातून, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यातून, मुख्यतः चार तारा निघतात. तीन फेजच्या आणि चौथी न्यूट्रलची. एक फेज आणि न्यूट्रल मिळून घरात साधारण २३० व्होल्ट येतात. दोन फेजांमध्ये मात्र सुमारे ४०० व्होल्ट असतात. आळीतली घरे तिन्ही फेजांवर वाटलेली असतात आणि सर्वांची परतीची वाट एकच असते, ती म्हणजे न्यूट्रल. लोक फेजला भितात, कारण तिच्याने शॉक बसतो. न्यूट्रलची भीती कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात घरातली नाजूक यंत्रे वाचवण्याचे काम तीच करत असते.

न्यूट्रल तुटली किंवा तिचा सांधा सुटला तर काय होते ते साध्या हिशेबाने कळते. समजा, एका फेजवरच्या घरात हजार वॅटचा पंप चालू आहे आणि दुसऱ्या फेजवरच्या घरात शंभर वॅटचा संगणक. परतीची वाट बंद झाली की दोन्ही घरे एकामागोमाग जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी उलटी होते : ज्याचा भार हलका त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. पंपाला सुमारे ३६ व्होल्ट मिळतात, संगणकाला ३६४. संगणकाच्या पॉवर सप्लायची सहनशक्ती बहुधा २६४ व्होल्टपर्यंतची असते. म्हणून न्यूट्रल गेली की एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारी झगझगीत होतात. झगझगाट दिसला की मेन स्विच पाडावा, बाकी विचार नंतर करावा.

ही गोष्ट कायदा करणाऱ्यांना ठाऊक होती. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ६१ वा नियम सांगतो की न्यूट्रल उपकेंद्रात दोन स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीशी जोडलेली असावी, आणि पुढे वितरणाच्या वाटेवर एका किंवा अधिक ठिकाणी पुन्हा जोडलेली असावी. एक सांधा सुटला तरी जमिनीतून परतीचा आधार राहावा असा त्यामागचा हेतू. ३३ व्या नियमाने त्याहून पुढची गोष्ट सांगितली : ग्राहकाच्या जागेत, वीज आत येते त्या ठिकाणाजवळ, हाताशी येईल अशी अर्थची जोडणी पुरवठादाराने द्यावी आणि ती नीट राखावी. ग्राहकाने तिला इजा होऊ देऊ नये. आपल्या दारच्या मीटरशेजारी अशी जोडणी असायला हवी, हे मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी फार थोड्यांना माहीत होते. २००३ चा विद्युत कायदा आणि २०१० चे सुरक्षा नियम आले तेव्हाही ही तरतूद कायम राहिली.

एका बाबतीत मात्र छोटे घर नियमांच्या बाहेरच राहिले. अंगातून जमिनीत वाहणारा थोडासा प्रवाह ओळखून वीज तोडणारे यंत्र, ज्याला वायरमन ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, ते २०१० च्या नियमांनी सक्तीचे केले. पण पाच किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या जोडण्या त्यातून वगळल्या. गावातले बहुतेक घर या मर्यादेच्या आतले. सक्ती नव्हती म्हणून ते यंत्र बसले नाही.

निसर्ग वादळानंतर

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या वाड्या भुईसपाट झाल्या, नारळ मोडले, पत्रे उडाले आणि विजेचे खांब आडवे झाले. कित्येक वाड्यांना वीज परत यायला आठवडे लागले. भर पावसात, चिखलात, करोनाच्या दिवसांत वायरमन मंडळींनी जे काम केले त्याचे मोल गाव विसरलेले नाही.

अशा काळात सांधे तात्पुरते असतात. पडलेले झाड बाजूला करून, तार ओढून, पीळ देऊन दिवा लावायचा, ही त्या क्षणाची गरज असते. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि तांबे यांचा उघडा पीळ फार दिवस धड राहत नाही. दोन वेगळ्या धातूंच्या भेटीत ओल शिरली की सांधा आतून खाऊन जातो. वीज आल्यानंतर काही आठवड्यांनी एका संध्याकाळी आमच्या ओळखीच्या एका घरात दिवे अचानक पांढरे फटफटीत झाले. पंखा घोंघावू लागला. घरच्या मुलाने धावत जाऊन स्विच बंद केला, पण तोवर आतल्या खोलीतून फट्ट असा आवाज आला होता. संगणकाचा पॉवर सप्लाय फुटला आणि जाताना डिस्कच्या सर्किटलाही घेऊन गेला.

त्या डिस्कवर त्याच्या आजीची बेचाळीस गाणी होती. आजी आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यांना येणारी घाण्याची काही गाणी आळीत दुसऱ्या कोणाला पूर्ण येत नाहीत. मुंबईतल्या एका तंत्रज्ञाने महिनाभर खटपट करून एकोणीस गाणी परत मिळवली. आणखी सहा गाणी नातेवाइकांच्या मोबाइलवर पाठवलेली होती म्हणून राहिली. उरलेली सतरा गेली. संगणक नवा आला. त्या सतरा गाण्यांसाठी विचारायला आता कोणी नाही.

त्या घरात सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड होता. मग तो कुठे कमी पडला? या बोर्डाच्या पोटात झिंक ऑक्साइडची एक चकती असते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमधल्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी ती विकसित केली. नेहमीच्या व्होल्टला ती प्रवाह अडवते; व्होल्ट एकदम चढले की वाट मोकळी करून जादा प्रवाह दुसऱ्या तारेकडे वळवते. ती बनवली आहे सेकंदाच्या लाखाव्या भागात येऊन जाणाऱ्या धक्क्यासाठी. न्यूट्रल गेल्यावर चढलेले व्होल्ट मिनिटामिनिटांनी टिकतात. तेवढ्यात चकती तापून जळते. शिवाय ती प्रवाह वळवते म्हणजे कुठे? न्यूट्रलकडे किंवा अर्थकडे. न्यूट्रल सुटलेली, अर्थचा पाइप गंजलेला. वळवायला वाटच नव्हती. न्यूट्रलच्या दोषावर उपाय वेगळा आहे : ठरावीक मर्यादेबाहेर व्होल्ट गेले की सगळ्या घराचा पुरवठा तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर, मीटरनंतर लगेच बसवलेला.

गुणगुण आणि कापलेली पिन

घरगुती स्टुडिओत शिरणारा आणखी एक शत्रू आवाज करून येतो. स्पीकरमधून एक खोल गुणगुण ऐकू येते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, त्यामुळे हा स्वर ५० आणि १०० हर्ट्‌झचा असतो. पेटीवाल्यांच्या भाषेत सफेद पाचपेक्षा किंचित चढा. सफेद पाचमध्ये गाणाऱ्याला तर तो तंबोरा बेसूर लागल्यासारखा छळतो. संगणक एका प्लगवर आणि स्पीकर किंवा मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर असला, की दोघांच्या अर्थच्या वाटा वेगळ्या पडतात आणि केबलच्या जाळीतून प्रवाह फिरू लागतो. त्यातून ही गुणगुण येते.

यावर गावोगाव एक झटपट उपाय चालतो : प्लगची जाडी पिन काढून टाकणे. गुणगुण थांबते, आणि सोबत सुरक्षितताही जाते. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यापासून धातूच्या पेटीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थ असेल तर त्यांतला बारीक प्रवाह जमिनीत जातो. अर्थ नसेल तर पेटी निम्म्या व्होल्टवर तरंगत राहते आणि माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. गाणारे हसून म्हणतात, ‘माइक चावतो.’ पण आत एखाद्या तारेचे आवरण फाटले की हाच माइक जीव घेतो. इंग्लंडमधल्या यार्डबर्ड्‌स या वाद्यवृंदाचा गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्ये स्वतःच्या घरात, अर्थिंग नीट नसलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या शॉकने मरण पावला. त्याच्या चार वर्षे आधी, मे १९७२ मध्ये, गिटारवादक लेस हार्वे स्वान्झीच्या रंगमंचावर अर्थ नसलेल्या माइकला हात लावताच गेला. दोघेही रोज विजेवर वाजवणारे कलावंत होते.

गुणगुणीवरचा खरा उपाय स्वस्त आहे. सगळी यंत्रे एकाच बोर्डवर, एकाच अर्थवर घ्यावीत. बॅलन्स्ड केबल वापरावी. तरीही आवाज राहिला तर आवाजाच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. पिनला हात लावू नये.

वळीव, परतीचा पाऊस आणि वाळू

आकाशातली वीज हा आपल्याकडे दोन ऋतूंचा पाहुणा आहे. मृगाआधीचा वळीव आणि हस्त-चित्रातला परतीचा पाऊस या काळात कडकडाट जास्त. आषाढ-श्रावणातल्या संततधारेत तो कमी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आता जवळपासच्या विजांची सूचना मोबाइलवर देते. वाडीतल्या माडावर पडलेल्या विजेत हजारो ॲम्पिअरचा प्रवाह असतो. तो जमिनीत पसरताना आसपासच्या जमिनीचेच व्होल्ट क्षणभर चढवतो, आणि जवळच्या तारांत झटका उठवतो. विजेची तार, डिशची केबल, टेलिफोन किंवा इंटरनेटची तांब्याची तार अशा वेगवेगळ्या वाटांनी घर बाहेरशी जोडलेले असेल तर या वाटांमधल्या व्होल्टच्या फरकाचा मार संगणकाला बसतो. म्हणून सर्व तारांचे अर्थ एका ठिकाणी बांधणे आवश्यक असते. आणि एवढे करूनही, गडगडाट सुरू होण्याआधी प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवण्याची आईआज्यांची सवय कोणत्याही यंत्रापेक्षा खात्रीची आहे. स्विच बंद करणे पुरेसे नसते. आकाशातून मैलभर येणाऱ्या विजेला स्विचमधली काही मिलिमीटरची फट अडवत नाही.

आता पुन्हा त्या पाइपकडे. अर्थिंगसाठीची भारतीय मानक संहिता, आय. एस. ३०४३, प्रथम १९६६ मध्ये निघाली. तिच्यातल्या पद्धतीचा अडीच मीटर लांबीचा जस्त चढवलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळे, हा आपल्या ओळखीचा अर्थिंगचा खड्डा. जांभ्याच्या सड्यावर मीठ आणि पाणी घालावेच लागते, कारण तिथली जमीन उन्हाळ्यात ठणठणीत होते. दिवेआगरच्या पुळणीवर खाली ओल जवळ असते, वीज सहज पसरते. पण तीच खारी ओल लोखंड खाते. वरून नरसाळे शाबूत दिसते, खाली पाइप उरलेला नसतो. मी ओळखीच्या घरांतले सात खड्डे उकरून घेतले. त्यांतल्या चार ठिकाणी तार पाइपला जोडलेलीच नव्हती; क्लॅम्प गंजून गळून पडले होते. मालकांना याची कल्पना नव्हती, कारण दिवे तर लागत होते.

म्हणून इथे तांब्याचा किंवा जाड तांब्याचा थर दिलेला इलेक्ट्रोड घालावा, असे मी आता सांगत असतो. तो महाग पडतो आणि वर तार उघडी ठेवली तर चोरीलाही जातो. मातीखाली झाकून, वर चौकोनी झाकणाची कुंडी बांधावी. दर वर्षी मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना, वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून घ्यावा आणि आलेला ओहमचा आकडा मीटरच्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावा. आकडा वर्षागणिक वाढू लागला की खाली काय चालले आहे ते न उकरता कळते. आरसीसीबी आणि व्होल्टेज प्रोटेक्टर बसवावा. आणि मुद्रणाची एक प्रत भिंतीला न जोडलेल्या डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गावी ठेवावी.

आमच्या आळीत आता पाच घरांच्या मीटरपेट्यांवर असे आकडे आहेत. विजेच्या स्थानिक इतिहासाचे हे बहुधा सर्वांत छोटे कागद असतील. त्या पाच घरांतल्या दोन घरांत मुद्रणाची खोली आहे. आजींची वाचलेली पंचवीस गाणी आता तीन ठिकाणी ठेवलेली आहेत, आणि राहिलेल्या सतरांपैकी दोन गाण्यांचे काही चरण म्हसळ्याला दिलेल्या त्यांच्या भाचीला आठवतात असे कळले आहे. दिवाळीनंतर तिच्याकडे जायचे ठरले आहे.